मृतांस देवाच्या हाती सोपविणारा मार्टिन लूथर

ख्रिस्ती घरात मृत्यू घडला म्हणजे गावातील शेजारीपाजारी विचारतात की, तुम्ही श्राद्ध करीत नाही, पिंड देत नाही, मग तुमच्या मृतांची वाट काय? रोमन मंडळीतील सोयरे असले तर तेही विचारतात की, तुम्ही मृतांसाठी मिस्सा का करवीत नाही, संतांची विनवणी का करीत नाही? अशा वेळी आमचे पुष्कळ बंधू निरुत्तर होतात, किंवा रागाच्या भरात दुसऱ्याचे मन दुखवितात. ह्याच प्रश्नांशी ज्याने आयुष्यभर झुंज घेतली त्या मार्टिन लूथरचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइसलेबेन गावी झाला. त्याचा बाप हान्स तांब्याच्या खाणीच्या धंद्यात होता. खाणीतील लोक संत आन्ना हिला, म्हणजे मरीयेची आई म्हणून जिला मानतात तिला, आपली पाठीराखी समजत. २ जुलै १५०५ रोजी तरुण लूथर एरफुर्ट शहराकडे जात असता भयंकर वादळ झाले व वीज अगदी जवळ कोसळली. त्याने घाबरून संत आन्नाचा धावा केला आणि वाचलो तर मठवासी होईन असा नवस केला. पंधरा दिवसांनी तो खरोखरच मठात गेला. ख्रिस्त म्हणजे कठोर न्यायाधीश, अशी भीती लहानपणापासून त्याच्या मनात बसलेली होती. म्हणून संकटात त्याला संतांचाच आसरा जवळचा वाटला.

रोमन मंडळीची शिकवण अशी आहे की, देवाच्या कृपेत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा शुद्धिस्थानात ठेविला जातो आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी व मिस्सांनी त्याला साहाय्य होते. १५१० च्या सुमारास मठाच्या कामासाठी लूथर रोमला गेला. तेथे अठ्ठावीस पायऱ्यांचा एक पवित्र मानलेला जिना आहे. आपल्या मृत आजोबांचा आत्मा सुटावा म्हणून प्रत्येक पायरीवर प्रभूची प्रार्थना म्हणत तो हा जिना चढला. आईबाप जिवंत आहेत ह्याचेही त्याला त्या वेळी जवळजवळ वाईट वाटले. मेलेले असते तर त्यांनाही सोडविता आले असते! परंतु वर पोहोचल्यावर हे सारे खरे असेल काय, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली.

पुढे विटेनबर्ग येथे पवित्र शास्त्र शिकविताना त्याला उमगले की, मनुष्य स्वतःच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाच्या द्वारे, कृपेने देवापुढे नीतिमान ठरतो. त्याच सुमारास टेट्झेल नावाचा उपदेशक पापक्षमापत्रे विकीत फिरत होता. पैसा पेटीत पडताच मृताचा आत्मा सुटतो, असा भरवसा गोरगरिबांना दिला जाई. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लूथरने आपली पंचाण्णव विधाने आर्चबिशपाकडे पाठविली. त्यांत त्याने शुद्धिस्थान नाकारले नव्हते. दुःखिताच्या प्रेमाचा बाजार मांडला जातो, ह्याला त्याचा विरोध होता.

त्याचे विचार हळूहळूच पालटले, आणि म्हणून दुसऱ्यांनीही एका दिवसात पालटावे असा हट्ट त्याने धरला नाही. १५२२ साली एरफुर्टच्या मंडळीत संतांविषयी कडाक्याचा वाद माजला. तेव्हा लूथरने तेथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहून सांगितले की, हा वाद सोडा, ख्रिस्ताला धरून राहा आणि दुबळ्या बंधूंना सांभाळून घ्या. १५२८ साली त्याने लिहिले की, मृतांच्या स्थितीविषयी शास्त्र काही सांगत नाही. म्हणून एखाद्याने आपल्या मृतासाठी एकांतात एकदोनदा देवाची करुणा भाकली तर ते पाप नव्हे, पण तेवढ्यावर थांबावे.

१५३० साली त्याच्या विश्वासाची कसोटी झाली. फेब्रुवारीत बाप आजारी असल्याचे कळताच लूथरने त्याला धीराचे पत्र लिहिले आणि ख्रिस्तापाशी आपण पुन्हा भेटू अशी आशा दिली. जूनमध्ये, कोबुर्गच्या किल्ल्यात असताना, बाप वारल्याची बातमी आली. लूथर स्तोत्रसंहिता घेऊन खोलीत गेला आणि पोटभर रडला. बापाला सोडविण्यासाठी तो कोणताही जिना चढला नाही. ज्याच्या हाती बाप आहे त्याच्यापुढे त्याने आपले दुःख मांडले. त्याच उन्हाळ्यात त्याने शुद्धिस्थानाच्या मताविरुद्ध पुस्तक लिहिले. २५ जून रोजी आउग्सबुर्ग येथे त्याच्या सोबत्यांनी आपला विश्वासांगिकार वाचून दाखविला. त्यात संतांचे स्मरण करावे, त्यांचा विश्वास कित्त्यासारखा गिरवावा, पण धावा मात्र एकाच मध्यस्थाचा, म्हणजे ख्रिस्ताचा करावा, असे सांगितले आहे.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजी लूथर जन्मगावीच प्रभूमध्ये निजला. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने रोमन मंडळीची जुनी शिकवण कायम केली. जिवंत भावाला आपण प्रार्थनेची विनंती करतो, तशीच स्वर्गातील संतांना करतो. आराधना केवळ देवाची, असे ती मंडळी म्हणते. १९९९ साली कृपेने नीतिमान ठरण्याविषयी लूथरन व रोमन मंडळ्यांनी एक संयुक्त घोषणा केली. तथापि संतांचा धावा व शुद्धिस्थान ह्यांविषयीचा मतभेद अद्याप मिटलेला नाही.

प्रिय वाचकहो, ज्यांनी सुवार्ता ऐकलीच नाही अशा आजाआजींची आठवण आम्हांपैकी कित्येकांच्या काळजात सलत असते. त्यांच्याविषयी शास्त्रात नाही ते आम्ही सांगू नये; नरकाचा धाक घालू नये आणि पैशाने वा विधीने सुटका होते असेही म्हणू नये. सर्व जगाचा न्यायाधीश न्यायी व दयाळू आहे, एवढे आम्हांस ठाऊक आहे. उपदेशक बंधूंनी शोकाच्या घरी वाद घालण्यास जाऊ नये. स्तोत्रसंहिता उघडावी, रडणाऱ्यांबरोबर रडावे आणि मृताला त्याच्या हाती सोपवावे, ज्याच्या हातून त्याला कोणी हिरावून घेऊ शकत नाही.