कालगणनेचे शोधक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

इतिहासाच्या पुस्तकात सन आणि तारीख वाचताना ती कोणी आणि कशी ठरवली, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. परीक्षेपुरती ती पाठ केली की आपले काम संपते. परंतु जुनी तारीख ही आयती हाती पडणारी वस्तू नव्हे. ती सोडवून घ्यावी लागते. हे सोडवण्याचे शास्त्र ज्यांनी आपल्याकडे भक्कम पायावर उभे केले, ते कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित एक साधे शाळामास्तर होते.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी सुरत शहराचेच उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तो दिवस बुधवार होता. तेथील इंग्रजांच्या वखारीत त्या दिवशी ६ जानेवारी १६६३ ही तारीख होती. कारण इंग्रज तेव्हा जुने ज्यूलियन पंचांग मानीत आणि त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्याच शहरातल्या डचांच्या हिशेबी आणि जवळच दमणला असलेल्या पोर्तुगीजांच्या हिशेबी मात्र तो दिवस १६ जानेवारी १६६४ होता. सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत १७२० चालू होते, मोगल अंमलदारांच्या दप्तरात हिजरी १०७४ चा जमादिलाखर होता, दक्षिणेतील मराठी पंचांगात शके १५८५ चा पौष होता आणि मराठी कागदपत्रांत चालणारा शुहूर सन १०६४ होता. शहर एक, दिवस एक आणि सन सहा! नुसता आकडा उतरून घेणारा मनुष्य येथे हमखास फसतो. आकड्याबरोबर तो कोणत्या गणनेतला, वर्ष कोठून सुरू होणारे आणि ठिकाण कोणते, हेही सांगावे लागते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले. मॅट्रिक झाल्यावर पुढील महाविद्यालयीन शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा ठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी आयुष्य काढले. ना वेधशाळा जवळ, ना मोठे ग्रंथालय. शाळेचे काम आटोपल्यावर उरणाऱ्या वेळात त्यांनी सूर्यसिद्धांतापासून ग्रहलाघवापर्यंतचे ज्योतिषग्रंथ अभ्यासले आणि त्यांतली गणिते स्वतः करून पाहिली.

तो काळ महाराष्ट्रात पंचांगवादाचा होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध करून युरोपीय गणित मराठीत आणले होते. जुन्या पंचांगातील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत, हे उघड झाले होते. सूर्याचे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस सुरू होते, तर आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, हा त्यातलाच एक भाग होय. सणवार ऋतूंना धरून असावेत, असे म्हणणाऱ्या सायन पक्षाला दीक्षित मिळाले आणि विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर सायन पंचांग काढण्याच्या कामी ते पडले.

याच सुमारास मुंबई इलाख्यातील एक अधिकारी, डॉ. जॉन फेथफुल फ्लीट, गुप्त राजांच्या शिलालेखांवर काम करीत होते. कर्नाटकातील राजवंशांवर लिहिणारे हेच ते फ्लीट. कन्नड विभागाच्या वाचकांना त्यांचे नाव परके नसेल. गुप्तांचा शक कोणत्या वर्षी सुरू झाला, यावर विद्वानांत मोठा मतभेद होता. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावरील लेखात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असे दिले आहे. दीक्षितांनी गणित करून हा दिवस इ. स. ४८४ च्या २१ जूनला पडतो आणि त्या दिवशी गुरुवारच येतो, असे दाखवले. गुप्तशकाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा ठरण्यास या गणिताचा मोठा आधार झाला. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला, त्यात दीक्षितांची रीत परिशिष्ट म्हणून छापली आहे.

येथे वाराचे महत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. पंचांगे बदलली, सन बदलले, पण सात वारांचे चक्र तुटले नाही. १७५२ साली इंग्रजांनी पंचांग सुधारले, तेव्हा २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. तारखा गळाल्या, वार गळाला नाही. म्हणूनच सुरतेतील इंग्रजांची ६ तारीख आणि डचांची १६ तारीख या दोन्हींना बुधवारच येतो. लेखात वार दिला असेल, तर गणित बरोबर की चूक याचा तो साक्षीदार ठरतो.

तिथीचे काम याहून नाजूक आहे. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी होते. तिला लागणारा वेळ कमीजास्त होतो. बाणवृद्धी रसक्षय असे आपले जोशी म्हणतात, म्हणजे साठ घटकांत पाचांनी वाढ आणि सहांनी घट. सूर्योदयाला जी तिथी असेल, ती त्या दिवसाची. पण सूर्योदय सगळीकडे एकाच क्षणी होत नाही. उज्जयिनीपेक्षा सुरत सुमारे तीन अंश पश्चिमेला, म्हणजे बारा मिनिटे मागे. कलकत्त्यापेक्षा तर तासभर मागे. तेव्हा सूर्योदयाच्या आगेमागे संपणारी तिथी दोन गावांत दोन वेगळ्या दिवसांना नाव देऊ शकते. यावर दीक्षितांचा मार्ग असा, की आधी सगळे गणित उज्जयिनीच्या वेळेने करावे आणि मग ज्या गावचा लेख असेल, त्या गावासाठी रेखांशाचा संस्कार द्यावा.

रॉबर्ट स्यूएल या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ १८९६ साली लंडनला निघाला. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांची कोष्टके त्यात आहेत. विजयनगरच्या इतिहासाने प्रसिद्ध झालेले स्यूएल ते हेच. त्याच वर्षी दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मराठी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषाचा इतका साधार इतिहास तोवर कोणत्याही भाषेत झाला नव्हता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. भारत सरकारने पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर काढले. ज्योतिर्विलास हे त्यांचे छोटे पुस्तक तर सामान्य वाचकांनीही आवडीने वाचले.

दीक्षितांच्या स्वभावातील एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. ते स्वतः सायनवादी होते. जुनी गणिते आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही जुने लेख सोडवताना त्यांनी आपले सायन मत बाजूला ठेवले आणि सूर्यसिद्धांतासारख्या जुन्या ग्रंथांचीच रीत धरली. कारण लेख कोरणाऱ्याने त्याच रीतीने दिवस मोजला होता. आज काय बरोबर आहे हा एक प्रश्न, आणि त्या माणसाने तेव्हा काय मानले हा दुसरा. स्वतःच्या मताबद्दल एवढा आग्रह असतानाही या दोन प्रश्नांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्याला हा विषय जुनापुराणा वाटण्याचे कारण नाही. संगणकाच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये तारीख आणि वेळ साठवताना हाच पेच पुन्हा उभा राहतो. सुरतेच्या हिरे व्यापाऱ्याने १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता केलेली नोंद घ्या. त्या क्षणी अँटवर्पला ३१ मार्चच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. नुसती तारीख लिहिली, तर आपल्याकडील हिशेबाचे वर्षच बदलते. म्हणून जाणते लोक तो क्षण यूटीसी या एकाच मापात साठवतात, ठिकाण वेगळे नोंदतात आणि दाखवताना त्या त्या गावची वेळ काढतात. उज्जयिनीची वेळ आणि रेखांशाचा संस्कार, तोच हा प्रकार! उलट जन्मतारीख हा क्षण नव्हे, ती नुसती तारीखच ठेवावी. मध्यरात्रीचे बारा समजून ती यूटीसीत नेली, तर साडेपाच तास वजा होऊन आदल्या दिवशीची होते.

आणि नियमही त्या त्या काळचाच लावावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरात मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता, आणि तो प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे होता. मुंबईतल्या १९३० सालच्या एखाद्या नोंदीला डोळे मिटून आजचा नियम लावणे, म्हणजे एरणच्या स्तंभाला आजचे पंचांग लावण्यासारखेच आहे.

पदवी नाही, अधिकार नाही, आयुष्यही थोडके. तरी या शिक्षकाने शेकडो वर्षांच्या गोंधळलेल्या दिवसांना त्यांची जागा मिळवून दिली. लिहिणाऱ्याने कोणत्या मापाने मोजले हे आधी विचारावे आणि मगच आपले माप लावावे, हा त्यांचा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याने जसा गिरवावा, तसाच संगणकाच्या विद्यार्थ्यानेही गिरवावा.