बाबासाहेब आंबेडकरांचे आजारपण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, कायदेपंडित, अर्थतज्ज्ञ, दलित चळवळीचे नेते आणि भारतातील बौद्ध धम्माच्या पुनरुज्जीवनाचे प्रणेते होते. आयुष्याची अखेरची आठ-नऊ वर्षे त्यांना मधुमेहाने व त्याच्या दूरगामी परिणामांनी ग्रासले होते. पायांतील असह्य वेदना, निद्रानाश, रक्तदाब आणि मंदावत गेलेली दृष्टी हे त्यांचे नित्याचे सोबती झाले. राज्यघटना, हिंदू कोड बिल, धम्मदीक्षा आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ही त्यांची मोठी कार्ये याच काळातील आहेत. या काळात विश्रांतीसाठी त्यांचा मुक्काम अधूनमधून पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे होत असे.

पूर्वायुष्य व प्रकृती

आंबेडकरांचा बांधा मजबूत होता, मात्र शरीराची निगा राखण्याकडे त्यांचे लक्ष कधीच नव्हते. लंडनमध्ये शिकत असताना अपुऱ्या पैशांमुळे त्यांनी अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले. रात्री उशिरापर्यंत वाचन, अनियमित जेवण, व्यायामाचा अभाव आणि सततचे दौरे ही त्यांची दिनचर्या पुढेही फारशी बदलली नाही. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, गोलमेज परिषदा, पुणे करार या घटनांनी भरलेल्या वर्षांत प्रकृतीच्या तक्रारी मागे पडत गेल्या.

घरातील आजारपणे त्यांनी फार जवळून पाहिली होती. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. त्यांपैकी राजरत्न या धाकट्या मुलाच्या १९२६ मधील मृत्यूने ते खचले होते. पत्नी रमाबाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी दादरच्या 'राजगृहा'त निवर्तल्या. त्यानंतर पुन्हा विवाह न करण्याचा निश्चय त्यांनी अनेक वर्षे पाळला.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे त्यांच्याच कारकिर्दीत सोपवण्यात आले. त्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आज पिंपरी-चिंचवड, चाकण व तळेगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ज्या कामगारांच्या पगारातून या विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांपैकी अनेकांना हा संबंध ठाऊक नसतो.

मधुमेहाचे निदान व त्या काळातील उपचार

१९४७ च्या सुमारास आंबेडकरांच्या प्रकृतीने गंभीर वळण घेतले. मधुमेहाच्या जोडीला न्यूरायटिस, म्हणजे मज्जातंतूंचा दाह, संधिवात आणि रक्तदाब असे विकार होते. पायांच्या कळांमुळे रात्रीची झोप उडाली होती. मुंबईत गिरगाव येथे दवाखाना चालविणारे डॉ. माधवराव मालवणकर यांचे उपचार त्यांनी सुरू केले.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा पोहोचते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पावले यांवर तिचा परिणाम प्रथम जाणवतो. आंबेडकरांच्या पायांतील वेदना आणि अधू झालेली दृष्टी मधुमेहाच्या या परिणामांशी जुळणारी आहे. आजच्या रुग्णाला घरी बोटाच्या टोकावर साखर मोजता येते. त्या काळी मात्र लघवी बेनेडिक्ट द्रावणात तापवून तिच्या बदललेल्या रंगावरून साखरेचा अंदाज बांधावा लागे. मधुमेह आटोक्यात ठेवणारी तोंडावाटे घ्यायची औषधे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरात आलेली नव्हती. टोरांटो येथे १९२१-२२ मध्ये शोधले गेलेले इन्शुलिन, उकळून घ्यायच्या काचेच्या सिरिंज आणि पथ्य एवढीच साधने होती. आंबेडकर इन्शुलिन घेत. होमिओपॅथीची औषधेही त्यांनी घेतली. साखर काटेकोरपणे आवरल्यास पुढील गुंतागुंती टळतात किंवा लांबतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचे मूल्यमापन आजच्या ज्ञानाच्या आधारे करणे न्याय्य ठरत नाही.

डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह

डॉ. शारदा कबीर (२७ जानेवारी १९०९ – २९ मे २००३) या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून पदवी घेतलेल्या डॉक्टर होत्या आणि मालवणकरांच्या दवाखान्यात काम करीत. विलेपार्ले येथील डॉ. राव यांच्या घरी त्यांची व आंबेडकरांची प्रथम भेट झाली. पुढे उपचारांच्या निमित्ताने परिचय वाढला.

इन्शुलिनची वेळ, जेवणाचे प्रमाण आणि रात्रीचे दुखणे सांभाळण्यासाठी घरात कायमचे माणूस हवे, असा डॉक्टरांचा आग्रह होता. परिचारिका किंवा घर सांभाळणारी स्त्री ठेवल्यास लोकांत नाही नाही ते बोलले जाईल, अशी शंका आंबेडकरांना होती. मार्च १९४८ मध्ये नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला पूर्वीचा निश्चय आणि तो मोडण्याची कारणे मोकळेपणाने मांडली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील त्यांच्या निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. विवाहानंतर शारदा कबीर या सविता आंबेडकर झाल्या. अनुयायी त्यांना माईसाहेब म्हणू लागले. वधू सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील असल्याने दोन्ही बाजूंनी टीका झाली. या टीकेच्या गदारोळात, आंबेडकरांच्या जवळ चोवीस तास एक डॉक्टर असणे ही त्या विवाहामागची मुख्य निकड होती, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते.

राज्यघटना व हिंदू कोड बिल

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. तिच्या सात सदस्यांपैकी काही जण राजीनामा, मृत्यू, परदेशगमन, इतर राजकीय व्याप किंवा प्रकृती या कारणांनी कामात फारसे सहभागी होऊ शकले नाहीत. परिणामी मसुद्याचा मुख्य भार आंबेडकरांवर पडला, असे समितीचे एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत जाहीरपणे नमूद केले. प्रकृतीमुळे दूर राहिलेल्या सदस्यांचा त्यात उल्लेख आहे. ज्याने भार उचलला तोही आजारीच होता. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कलमागून कलम उत्तरे देण्याचे काम त्यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत होईपर्यंत पार पाडले.

हिंदू कोड बिलाच्या वेळी मात्र आजार आणि राजकारण यांची समोरासमोर गाठ पडली. विवाह, घटस्फोट, वारसा व दत्तक यांविषयी हिंदू स्त्रियांना हक्क देणारे हे विधेयक सतत लांबणीवर पडत होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी कायदामंत्री आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपल्या प्रकृतीविषयी डॉक्टरांना वाटणारी चिंता कळविली. दीर्घ उपचारांसाठी स्वतःला डॉक्टरांच्या स्वाधीन करण्यापूर्वी विधेयक मार्गी लागावे, अशी त्यांची इच्छा होती. सप्टेंबरमध्ये चर्चा झाली खरी, पण चार कलमे संमत होऊन विधेयक बाजूला पडले. २७ सप्टेंबर रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये दिलेल्या निवेदनात, आपण आजारपणामुळे बाहेर पडत आहोत हा समज त्यांनी स्पष्ट शब्दांत खोडून काढला. ज्या दुखण्याचे कारण पुढे करून सन्मानाने निवृत्त होता आले असते, त्याचा आडोसा त्यांनी घेतला नाही. त्या राजीनाम्याचे राजकीय मोल त्यामुळेच टिकून राहिले.

तळेगाव दाभाडे

मुंबई-पुणे लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव. कोरडी, मोकळी हवा आणि दोन्ही शहरांशी असलेली सोयीची जोडणी यांमुळे हवापालटासाठी ते पूर्वीपासून पसंत केले जाई. गावालगतच्या हरणेश्वर टेकडीच्या परिसरात आंबेडकरांनी जमीन व बंगला घेतला होता. दिल्लीतील उन्हाळा, मुंबईतील दमट हवा व भेटीस येणाऱ्यांची रीघ यांपासून दूर जाऊन ते येथे मुक्काम करीत. मधुमेहाच्या रुग्णाला वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि शांतता या गोष्टी औषधाइतक्याच लागतात. दिल्लीत त्यांना नेमके हेच मिळत नव्हते. अर्थात पुस्तके बरोबर असल्याने त्यांच्या बाबतीत विश्रांतीचा अर्थ मर्यादितच होता. हा बंगला आता त्यांचे स्मारक म्हणून जपण्यात आला आहे.

तळेगावपासून जवळच असलेल्या देहूरोड येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बौद्ध धम्माची तत्त्वे सर्वसामान्यांना समजतील अशा भाषेत मांडणारा ग्रंथ आपण लिहीत असल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले. या समारंभास दरवर्षी उजाळा देण्यासाठी देहूरोडला मोठ्या संख्येने लोक जमतात.

अखेरची वर्षे

१९५२ च्या निवडणुकीत व १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर हा काळ औषधांचे अनिष्ट परिणाम व अधू दृष्टी यांमुळे त्यांना अंथरुणातच काढावा लागला. हजारो ग्रंथांच्या संग्राहकाला याहून कठोर शिक्षा नव्हती. १९५५ मध्ये प्रकृती आणखी ढासळली. श्वासाच्या त्रासासाठी प्राणवायूची नळकांडी घरी ठेवावी लागे, चालताना दुसऱ्याच्या खांद्याचा आधार लागे. त्याच वर्षी भाषिक राज्यांविषयीचे त्यांचे विचार पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, प्रदीर्घ दुखण्यातही आपले आयुष्य लांबले याचे श्रेय त्यांनी पत्नी व डॉ. मालवणकर यांना दिले. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. माईसाहेबांविषयी पुढे जे गैरसमज पसरले, ते पाहता हे वगळणे महागात पडले असे म्हणावे लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भदंत चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी पत्नीसह धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना ती दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदीर्घ भाषण केले आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे पुन्हा दीक्षा समारंभ झाला. निरोगी माणसालाही दमविणारा हा कार्यक्रम होता. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले. परतीच्या प्रवासात बुद्धाशी निगडित तीर्थस्थळांना भेटी देऊन ते महिनाअखेरीस दिल्लीस परतले.

५ डिसेंबरच्या रात्री २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी जैन प्रतिनिधींशी त्यांची भेट झाली. नंतर त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी त्यांचे दुखरे पाय चेपून दिले. झोपण्यापूर्वी त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे तपासण्यासाठी उशाशी मागवून घेतली. त्या रात्री झोपेतच त्यांचे निधन झाले. ६ डिसेंबरच्या सकाळी माईसाहेबांच्या ते लक्षात आले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून ७ डिसेंबर रोजी दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले.

मृत्यूनंतरचा वाद

आकस्मिक निधनाने हादरलेल्या अनुयायांपैकी काहींनी मृत्यूविषयी संशय व्यक्त केला व माईसाहेबांवर आरोप झाले. केंद्र सरकारने केलेल्या चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. दीर्घकाळ मधुमेह व रक्तदाब असलेल्या रुग्णाला झोपेत मृत्यू येणे वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. तरीही माईसाहेबांना अनेक वर्षे चळवळीपासून दूर राहावे लागले. कालांतराने त्या पुन्हा सार्वजनिक जीवनात परतल्या. १९९० मध्ये आंबेडकरांना मरणोत्तर दिलेला भारतरत्न पुरस्कार त्यांनीच स्वीकारला. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे त्यांचे आत्मकथन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले असून, आंबेडकरांच्या आजाराचा व दैनंदिन उपचारांचा तपशील त्यांच्या घरातीलच एका डॉक्टरच्या दृष्टीने त्यात वाचावयास मिळतो.