कोर्टात बोलती बंद झाली होती, त्याच मुंबईत पुढं अख्खा देश त्यांचं ऐकायला थांबला

ग्रामसभेत आपल्या वस्तीच्या पाण्याचा विषय निघतो. आपल्याला सगळं माहीत असतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात दहा वेळा बोलूनही झालेलं असतं. पण माईक समोर आला की घशाला कोरड पडते आणि आपण गपकन खाली बसतो. असं ज्याचं झालंय, त्यानं ही गोष्ट जरूर वाचावी. मुंबईच्या कोर्टात एका तरुण बॅरिस्टरचं अगदी असंच झालं होतं. त्यांचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

लहानपणापासूनच ते बुजरे. शाळा सुटली की कोणी बोलायला अडवू नये म्हणून पळतच घर गाठायचे. विलायतेत बॅरिस्टरीचं शिक्षण घेताना ते शाकाहारी मंडळाच्या कमिटीत होते, पण बैठकीत तोंड उघडायचे नाहीत. एकदा मत मांडणं भागच होतं, म्हणून लिहून नेलं. तेही वाचवेना, शेवटी दुसऱ्यानं वाचलं.

तीस रुपयांची केस

१८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परत आले. घरानं शिक्षणावर बराच पैसा घातलेला, मोठ्या भावाच्या आशा मोठ्या. अनुभव घ्यावा म्हणून ते मुंबईत आले आणि गिरगावात बिऱ्हाड केलं. गाडीभाडं वाचवायला रोज हायकोर्टापर्यंत पायी जायचे, पाऊण तासाची चाल. हातात काम नव्हतंच. दुसऱ्यांच्या केसेस ऐकत बसायचं, आणि ऐकता ऐकता कधी कधी डुलकी लागायची.

अखेर स्मॉल कॉज कोर्टातली एक छोटी केस मिळाली, एका बाईंची. फी ३० रुपये. दलालाला कमिशन द्या असं लोकांनी सांगितलं, पण ते त्यांनी दिलं नाही. केस साधीच होती, एका दिवसात संपणारी. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची, एवढंच काम.

ते उभे राहिले आणि हातपाय गळाले. डोकं गरगरलं, कोर्ट फिरतंय असं वाटलं. विचारायला एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि पक्षकाराच्या माणसाला सांगितलं, माझ्याच्यानं हे होणार नाही, दुसरा वकील बघा, फी परत घ्या. त्या वकिलाला ५१ रुपये द्यावे लागले. केस जिंकली की हरली हे बघायलाही गांधी थांबले नाहीत. धीर येईपर्यंत केस घ्यायची नाही असं ठरवून त्यांनी कोर्ट सोडलं.

मग एका शाळेत रोज एक तास इंग्रजी शिकवायची ७५ रुपयांची नोकरी मागितली. पदवी नाही म्हणून तीही मिळाली नाही. मुंबईचा खर्च झेपेना, सहाएक महिन्यांत ते राजकोटला परतले. तिथं अर्ज आणि निवेदनं लिहून देण्याचं काम सुरू केलं. बोलायचं नव्हतं, लिहायचं होतं. ते चांगलं जमलं.

भीती गेली कशी?

१८९३ मध्ये एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. दावा हिशेबाचा आणि गांधींना जमाखर्चातलं काही कळत नव्हतं. त्यांनी पुस्तक विकत आणलं आणि शिकले. कागद न् कागद वाचून काढला. तिथं हिंदी लोकांचे हाल त्यांनी बघितले, स्वतः भोगलेही. गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून रात्री त्यांना रेल्वेतून खाली उतरवलं होतं.

प्रिटोरियात त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना एकत्र बोलावलं. त्या सभेत ते बोलले, आणि तेच त्यांचं पहिलं जाहीर भाषण. विषय होता व्यापारातला खरेपणा. तयारी आधी केलेली होती आणि समोर बसलेल्यांच्या अडचणी आता त्यांच्याही होत्या. भाषण नीट झालं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना शिकवायची तयारीही त्यांनी दाखवली. मुंबईत नोकरी मिळाली नव्हती, इथं ते फुकट शिकवू लागले.

पण भीती परत आली

इथं गोष्ट संपली असं वाटेल. तसं नाही. १८९६ मध्ये ते काही महिन्यांसाठी मायदेशी आले. आफ्रिकेतल्या लोकांची कैफियत मांडायला मुंबईत सभा ठेवली होती आणि अध्यक्ष होते सर फिरोजशहा मेहता. भाषण आधी लिहून काढा, असं मेहतांनी बजावलं होतं. ते रातोरात छापूनही घेतलं.

सभागृह गच्च भरलेलं. गांधी वाचू लागले, अंग थरथरत होतं. मोठ्यानं वाचा, असा धीर मेहता देत होते, पण आवाज आणखीच खाली गेला. बॅरिस्टर केशवराव देशपांडे मदतीला उठले. लोकांनी दिनशा वाच्छांच्या नावाचा गजर केला. शेवटी वाच्छांनी भाषण वाचलं आणि सभा शांतपणे ऐकत राहिली.

पाच वर्षांनी, त्याच मुंबईत, पुन्हा तीच फजिती. फरक एवढाच की या वेळी ते पळून गेले नाहीत. आपला आवाज पोचला नाही तरी आफ्रिकेतल्या लोकांचं गाऱ्हाणं पोचलं, हे त्यांना पुरेसं होतं. पुढं ते पुण्याला गेले, मद्रासला गेले, तिथंही हेच गाऱ्हाणं मांडत राहिले.

परळ ते गवालिया टँक

१९१५ मध्ये ते कायमचे परतले. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कापडाची होळी त्यांच्या हातून पेटली. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. आधी हिंदुस्थानीत, मग इंग्रजीत बोलले. पहाट व्हायच्या आत पोलिसांनी त्यांना पकडलं. पूर्वी ज्या गिरगावातून ते चालत कोर्टात जायचे, तिथून हे मैदान फार लांब नाही. आज आपण त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो.

त्यांचं बोलणं शेवटपर्यंत साधंच राहिलं, घरात बसून बोलावं तसं. बुजरेपणानं आपल्याला मोजकं बोलायला शिकवलं, असं ते स्वतःच मानत. पुढं तर दर सोमवारी ते मौनच पाळायचे.

पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय येईल तेव्हा टँकर किती दिवसांनी येतो, हे कागदावर लिहून न्या. वाचता आलं तर स्वतः वाचा. नाहीच जमलं तर शेजारच्याच्या हातात कागद द्या, पण खिशात ठेवून घरी येऊ नका.