पंडिता रमाबाई आणि केडगावच्या मुलींचं बायबल



पंडिता रमाबाईंवर निबंध लिहायला सांगितला की मुलं एकच साचा गिरवतात. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, कलकत्त्यात पंडिता ही पदवी, शारदा सदन, मुक्ती सदन, मृत्यू १९२२. मीही बरीच वर्षं असंच शिकवत आले. मागे सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, की बाई, रमाबाईंना एवढं संस्कृत येत होतं तर त्याचं पुढे त्यांनी केलं काय? मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. शिवाय आपण शाळेत रमाबाईंचं धर्मांतर एका वाक्यात उरकतो, कुणाला वावगं वाटू नये म्हणून. पण त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट तिथेच आहे. धर्मग्रंथ कुणी वाचायचा, कुठल्या भाषेत वाचायचा आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचा की नाही, याच्याशी त्या जन्मभर झगडल्या.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. अनंतशास्त्री मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. त्यांनी बिऱ्हाड हलवलं ते थेट सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. रमाबाईंचा जन्म तिथलाच. पुढे सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत फिरू लागलं. पुराणं सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. रमाबाईंना संस्कृत शिकवलं आईनं, तेही चालता चालता, मुक्कामाच्या ठिकाणी, पहाटेच्या वेळी. भागवताचे १८ हजार श्लोक त्यांना तोंडपाठ होते, असं आपण वर्गात कौतुकानं सांगतो. सोबत हेही सांगायला हवं, की त्याच दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले.

तिथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली, पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचं फारसं कुणी सांगत नाही. कलकत्त्यातल्या पडद्यातल्या स्त्रियांना शास्त्राप्रमाणे स्त्रीधर्म सांगावा, असं काम त्यांच्याकडे आलं. त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईनं वाचू लागल्या. त्यांच्या ध्यानात आलं, की हे ग्रंथ बाकी सगळ्या बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण स्त्रिया वाईट असतात आणि त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. बाईनं वेद वाचू नये हे लहानपणापासून मनावर ठसलेलं, तरी त्यांनी तो वाचला.

याच शहरात त्यांनी पहिल्यांदा बायबल पाहिलं. ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात त्यांना प्रत भेट मिळाली, आणि ती होती संस्कृतात! देणाऱ्यांना वाटलं असणार, की पंडितेला देववाणीतच द्यावं. पण ते संस्कृत रमाबाईंच्या ओळखीचं नव्हतं. काव्यं, पुराणं, व्याकरण यांतून जी भाषा अंगी मुरली होती तिच्याशी याचा मेळ बसेना. वाचण्यात वेळ फुकट जाईल असं वाटून त्यांनी ते बाजूला ठेवलं. पुढे जिनं अख्खं बायबल मराठीत आणलं, तिची त्या पुस्तकाशी पहिली भेट ही अशी झाली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे गदारोळ झालाच. संसार आसामकडच्या सिल्चरला. तिथे घरातल्या पुस्तकांत एक लहानसं चोपडं सापडलं, लूकचं शुभवर्तमान, बंगालीत. बंगाली त्यांची मातृभाषा नव्हे, पण रोजच्या वापरातली. हे मात्र त्यांनी आवडीनं वाचलं. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोच पतीला पटकीनं नेलं. पदरी तान्ही मनोरमा.

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. इथेच मिशनच्या शिक्षिकेकडून इंग्रजीचे धडे सुरू झाले. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची आशा धरून त्या इंग्लंडला गेल्या. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण राहिलं. वाँटेज गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या राहत होत्या. तिथल्या काही भगिनी लंडनमध्ये वाममार्गाला लागलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांची काळजी घेत. रमाबाईंनी हे काम पाहिलं. अशा बाईला दार उघडणारा धर्म त्यांनी आजवर पाहिला नव्हता. येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची गोष्ट त्यांना तेव्हा समजली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याकडचे बरेच निबंध थांबतात. जणू धर्म बदलला आणि बाई कुणाच्या तरी सांगण्यात गेल्या. प्रत्यक्षात त्यानंतरच मठातल्या भगिनींना खरी डोकेदुखी सुरू झाली! त्यांच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पुढे छापला गेला. मिळाला तर जरूर वाचा. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे लिहिलाय, हे या विद्यार्थिनीला दाखवून हवं होतं. धर्मगुरू सांगतात म्हणून मानायचं, हे त्यांना पटेना. एका धर्मसत्तेतून सुटून लगेच दुसरीच्या हाती मान द्यायला त्या आलेल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा प्रस्ताव आला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनीच नाक मुरडलं. रमाबाई चिडल्या. त्या तर देशभर पुरुषांच्या सभांपुढे बोलत आलेल्या. अंडं घातलेल्या पुडिंगवरूनसुद्धा खटके उडाले, कारण बाई शाकाहार सोडायला तयार नव्हत्या.

त्यातला एक वाद मला फार बोलका वाटतो. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी म्हटलं, संस्कृत का नको? लॅटिन तुमची पवित्र भाषा असेल, पण मला ती परकी. संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून हवी, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ती त्यांच्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा होती, म्हणून हवी होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या. फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलची बालवाडी पद्धत शिकून घेतली (आपल्या अंगणवाडी-बालवाडीच्या बायांना हे मुद्दाम सांगा). इंग्रजी पुस्तक लिहून आणि गावोगाव व्याख्यानं देऊन पैसा उभा केला आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. वर्षा-दीड वर्षात सदन पुण्याला हलवलं.

आता अवघड भाग. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असा शब्द दिलेला होता. मुलींचे सोवळ्याओवळ्याचे, जेवणाखाणाचे नियमही पाळले जात. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. केसरीनं झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुलींना घरी नेलं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात मी दार का लावून घेऊ? मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं सत्य आहे. ज्या पोरीला जगात दुसरा आसरा नाही, ती आईसारख्या बाईच्या उघड्या दाराकडे वळणारच. तिची ती निवड किती मोकळी म्हणायची? पण त्या मुलींना काही विचारावं, असं भांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना सुचलं, हेही खरं. आपण पालक आहोत, शिक्षक आहोत. हा प्रसंग वर्गात टाळू नका. नववी-दहावीची मुलं यावर छान बोलतात.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचं घर ज्यात गेलं तोच दुष्काळ त्यांना पुन्हा दिसला. सुमारे ३०० मुली-बायका घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगची बंधनं होती, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर सोय केली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्या वर गेली. विहिरी, शेती, विणकाम, शिवणकाम, गोठा, शाळा, अंध मुलींसाठी ब्रेल, आणि छापखाना. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं मुलीच करत. इथे मात्र धर्म उघड होता. रोजची प्रार्थना होती, बायबलचे वर्ग होते. १९०५ मध्ये तर प्रार्थनेची अशी लाट आली, की मुली तासन्‌तास मोठ्यानं रडत, प्रार्थना करत. बाहेरच्या काही ख्रिस्ती मंडळींनाही ते पचलं नाही. रमाबाईंनी त्यांना गप्प बसवलं नाही.

पण या मुलींना बायबल शिकवताना जुनीच अडचण पुढे आली. मराठी बायबल होतं, मिशनऱ्यांनी पंडितांच्या मदतीनं केलेलं. त्याची भाषा संस्कृतानं जड झालेली. रमाबाईंना ती सहज कळायची, पण खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरं गिरवू लागलेल्या मुलीला नाही. मग दर वेळी कुणीतरी अर्थ सांगणारा लागणार. म्हणजे पुन्हा मधे पुराणिक आलाच.

१९०४ च्या सुमारास, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्यांनी हे काम हाती घेतलं. इंग्रजीवरून भाषांतर करणं सोपं होतं, पण त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन मुळापासून सुरुवात केली. शब्द निवडायचे ते बायकांच्या बोलण्यातले. ज्यांना संस्कृत शब्द आपोआप सुचत, त्यांनीच ते एकेक बाजूला सारायचे! मुलांच्या भाषेत धडा लिहायला बसलेल्या शिक्षकालाच यातले कष्ट कळतील. कृपया म्हणून बघा, एक उतारा घेऊन. मुळाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे त्यांची वाक्यं कधी कधी खडबडीत झाली आहेत, हेही सांगायला हवं.

जवळजवळ अठरा वर्षं हे चाललं, हजारभर माणसांचा संसार सांभाळत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. सदनाचा भार जिच्यावर सोपवायचा होता तीच आधी गेली. रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. संपूर्ण पुस्तक छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून. त्याचे खिळे जुळवले होते दुष्काळातून आलेल्या बायकांनी. सदनात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यातल्या कित्येकींना स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.