सायकलवाल्याचं डळमळतं विमान

सायकल शिकताना तुम्ही कधी पडलात, आठवतंय? बऱ्याचदा थांबताना. वेग उतरला की तोल सांभाळणं जड जातं. विल्बर राइटला हे पक्कं ठाऊक होतं, कारण अमेरिकेतल्या डेटन गावात धाकटा भाऊ ऑर्व्हिलसोबत त्याचं सायकलचं दुकान होतं.

खरं तर त्याला दुकान टाकायचंच नव्हतं. येल विद्यापीठात शिकायला जायचं घाटत होतं. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना स्टिक तोंडावर बसली, पुढचे दात गेले आणि हा हुशार मुलगा पार मिटून गेला. येल राहिलंच. क्षयाने आजारी असलेल्या आईची सेवा करायची आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची, यात तीन वर्षं गेली. १८८९ मध्ये आई वारली. तेव्हा विल्बर २२ वर्षांचा होता. कॉलेज नाही, नोकरी नाही, इतकंच काय, शाळा संपवल्याचा दाखलाही नाही!

१८९६ मध्ये जर्मनीचा ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून मेला आणि विल्बरच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. बाकीचे लोक आपोआप स्थिर राहणारं विमान शोधत होते. हा पडला सायकलवाला. सायकल कुठे आपोआप उभी राहते? चालवणारा तिला उभी ठेवतो. मग विमान का नाही? नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर त्याने शेपटीला न लावता चक्क पुढे लावला. विमान हाताला लगेच दाद देऊ लागलं, पण डळमळू लागलं.

१७ डिसेंबर १९०३, किटी हॉक. पहिलं उड्डाण ऑर्व्हिलचं, ते सगळ्यांना माहीत असतं. दिवसातलं चौथं आणि सर्वांत लांब उड्डाण विल्बरचं होतं: ५९ सेकंद, ८५२ फूट. शेवटी विमान वर-खाली हिंदकळलं, नाक खाली गेलं आणि वाळूवर आपटून एलेव्हेटरची चौकट मोडली. तुम्ही नाक खाली करता, ते जास्तच खाली जातं. घाबरून वर ओढता, ते जास्तच वर जातं. आकाशात उंचावर याला माफी असते. जमिनीपासून दहा फुटांवर नसते.

आता गंमत बघा. आजच्या बऱ्याच फायटर जेट्समध्ये हे डळमळणं मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण त्यामुळे ती झटकन वळतात. आपलं तेजसही त्यातलंच. तोल सांभाळतो कॉम्प्युटर. पायलट स्टिक हलवून फक्त काय हवंय ते सांगतो, कुठला भाग किती वळवायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. पण लँडिंगला वेग कमी असतो, हवेचा जोर कमी पडतो, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी ते भाग जास्त वळवावे लागतात. आणि त्यांच्या वळण्याच्या वेगाला मर्यादा असते. उत्तर यायला जरा उशीर झाला की पायलट आणखी जोरात स्टिक ओढतो आणि विमान विल्बरच्या विमानासारखं हिंदकळतं. २ फेब्रुवारी १९८९ रोजी स्वीडनच्या ग्रिपेनचा पहिला नमुना लँडिंगला असाच कोसळला. पायलट वाचला. कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलावा लागला. ग्रिपेनलाही पुढे छोटे पंख आहेत बरं का! जमिनीवर टेकल्यावर ते खाली झुकवून ब्रेकसारखे वापरतात.

विल्बरकडे बदलायला प्रोग्राम नव्हता. १९०५ मध्ये ऑर्व्हिल जोरात आपटल्यावर भावांनी एलेव्हेटर मोठा केला आणि आणखी पुढे सरकवला. त्याच ऑक्टोबरमध्ये विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल उडून नीट उतरला. ऑगस्ट १९०८ मध्ये फ्रान्सच्या ल माँ शहराजवळ त्याने घिरट्या घालून अलगद विमान टेकवलं, तेव्हा इतके दिवस टिंगल करणारे फ्रेंच लोक टोप्या उडवत धावले.

नंतरची वर्षं मात्र पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांनी खाल्ली. १९१० मध्ये भावांनी एलेव्हेटर शेवटी मागे शेपटीकडे नेला. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने विल्बर गेला. तेव्हा तो अवघा ४५ वर्षांचा होता.