खर्जाची तार जपणारे खाँसाहेब : उस्ताद अब्दुल करीम खाँ



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात हजेरी घेत होते. आदल्या रात्री गावात डीजे वाजला होता, निम्मी पोरं पेंगत होती. चौथीतल्या एकाने मध्येच उठून विचारलं की मॅडम, बेस म्हणजे काय असतं? त्याचा दादा म्हणतो, बेस वाढवला की छाती धडधडते. प्रश्न चांगला होता. मी तेव्हा एवढंच सांगितलं की अगदी खालचा, जाड आवाज म्हणजे बेस. पण घरी आल्यावर वाटलं, उत्तर अर्धंच झालं. म्हणून आजचा हा पाठ.

ऑर्केस्ट्रात चार तारांची लांब दांडीची गिटार तुम्ही पाहिली असेल. ती बेस गिटार. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं एक वाद्य करायचं. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवरची, गळ्यात अडकवून वाजवता येईल अशी बेस गिटार बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. तिची सगळ्यात जाड तार एका सेकंदात साधारण ४१ वेळा थरथरते. तिचे शौकीन लोक तासन् तास बोलत बसतात. कोणती जुनी गिटार कोणाच्या हातात होती, तार कोणती, लाकूड कोणतं. गाणं ऐकताना मात्र बहुतेकांचं त्या वाद्याकडे लक्षच जात नाही. ते काढून घेतलं की मग कळतं, गाणं पोकळ झालंय.

आपल्याकडेही असं एक चार तारांचं वाद्य आहे. त्याच्यावर कोणी चाल वाजवत नाही, त्याच्यासाठी टाळ्याही पडत नाहीत. ते म्हणजे तंबोरा. त्याच्या शेवटच्या, जाड तारेला खर्ज म्हणतात. या वाद्यावर जीव लावणारा एक माणूस मिरजेत राहून गेला. मिरज आपल्याला लांबची वाटते, पण आपल्या हिंगोली जिल्ह्यातली हळद वर्षानुवर्षं सांगलीच्या बाजारात जात आलीय. सांगलीला लागूनच मिरज. म्हणजे कित्येकांचे आजोबा हळदीच्या गाडीबरोबर या माणसाच्या गावाजवळ जाऊन आलेत.

जन्म आणि बालपण

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातल्या कैराना या गावी झाला. त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात, ते या गावाच्या नावावरून. किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही. (मुलं दरवर्षी विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

वडील काले खाँ. घरात पिढ्यान् पिढ्या संगीत. अब्दुल करीम लहानपणी सारंगी शिकले. बीन, सतार, तबलाही त्यांना वाजवता येई. सारंगीला सतारीसारखे पडदे नसतात. सूर कुठे आहे ते बोटाने आणि कानाने शोधावं लागतं, केसभर सरकलं तरी सूर बिघडतो. पुढे त्यांनी सारंगी बाजूला ठेवली आणि गाणं धरलं. त्या काळी साथीच्या सारंगीवाल्याला गवयाइतका मान नसे. पण लहानपणी कानाला लागलेली ती सवय काही सुटली नाही.

बडोदा सुटलं

तरुणपणी ते भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर गात बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांच्या दरबारात त्यांना जागा मिळाली. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, ते घरच्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. १८९८ च्या सुमारास दोघं बडोदा सोडून मुंबईला आले. दरबाराची नोकरी गेली. आता गाण्यावर पोट भरायचं होतं.

मिरज

फिरता फिरता ते मिरजेला आले. तेव्हा प्लेगची साथ होती. खाँसाहेबांनाही प्लेग झाला, ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, असं मिरजेत सांगतात. पुढे दर्ग्यातली त्यांची गाण्याची सेवा कधी चुकली नाही.

मिरजेत त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. पटवर्धनांच्या या संस्थानात शिकलगारांची घरं होती. शिकलगार म्हणजे तलवारी, भाल्यांना धार लावणारे कारागीर. इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरेना. अशा वेळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली. हत्यार घडवणारे हात तंबोरा घडवू लागले. आजही त्या घराण्यातले लोक सतारमेकर हे आडनाव लावतात.

तंबोरा कसा होतो ते थोडक्यात सांगते. खाली मोठा भोपळा असतो. तो भाजीचा नाही, कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतो. तो वाळवून कापतात. त्यावर लाकडाची तबली आणि वर लांब दांडी. टोकाला चार खुंट्या. तबलीवर एक छोटी पाटासारखी घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. पहिली तार बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. पुरुष गायकाने काळी एक ही पट्टी घेतली तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा थरथरते. आपल्या बेस गिटारची शेजारीणच म्हणा ना.

आता खरी गंमत. घोडीचा माथा किंचित गोलाकार घासलेला असतो. तार त्याला नुसती टेकत नाही, थरथरताना त्याला हलकेच घासत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. धागा बरोबर जागी आला की आवाज एकदम फुलतो, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखा. याला जवारी म्हणतात. आणि जवारी नीट लागली, तारा काटेकोर जुळल्या, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चारही तारांत गंधाराची तार नाही! कोणी न वाजवलेला सूर आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार असं नाव आहे. यात जादू काही नाही. एक तार थरथरते तेव्हा ती अख्खी थरथरते, शिवाय तिचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे भागही थरथरत असतात. पाचव्या भागातून गंधार निघतो.

खाँसाहेब या सुरासाठी धडपडत. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय त्यांचं गाणं सुरू होत नसे. वाद्यं दुरुस्त करण्यात ते तरबेज होते, हत्यारांची पेटी सोबत बाळगत. एवढा नावाजलेला गवई स्वतः घोडी घासत बसलाय, हे चित्र मला फार आवडतं. आपल्याकडे काय होतं? शाळेतल्या पेटीचा एक सूर बसला तर आपण ती कपाटावर ठेवून देतो. आमच्या शाळेत तसंच झालं होतं, मीही त्यात आले.

त्यांचं गाणंही याच सवयीतून आलं. एकेक सूर सावकाश घ्यायचा, त्यावर थांबायचं, तो तंब‍ोऱ्यात पुरता मिसळला की मग पुढचा. आवाज बारीक, पण टोकदार. तानांची आतषबाजी करण्यापेक्षा सूर खरा लागला का, ही काळजी जास्त. काही लोकांना ते गाणं फार संथ वाटे, फार हळवं वाटे. ती तक्रार आजही ऐकू येते.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी त्या काळात आपल्या संगीतातल्या २२ श्रुतींचा अभ्यास करत होते. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीशही त्यात होते. तारेची लांबी मोजून प्रत्येक सुराची जागा ठरवायची, असं ते काम. त्यासाठी सूर खरा लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. शाळा-कॉलेजात न गेलेला माणूस विज्ञानाच्या प्रयोगाला असा उपयोगी पडला.

मिरज हे रेल्वेचं जंक्शन. तिथून ते बेळगाव, धारवाड आणि पुढे म्हैसूरला जात. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मोठा मान होता. दक्षिणेचं कर्नाटक संगीत त्यांनी मन लावून ऐकलं आणि त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. उत्तरेकडचे फारच थोडे गवई तेव्हा तिकडे वळून बघत होते.

शाळा आणि घर

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. शिष्य त्यांच्याजवळच राहत. त्यांचा टिपू नावाचा कुत्रा होता आणि त्यालाही त्यांनी सुरात आवाज काढायला शिकवलं होतं, अशी एक आठवण सांगतात. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली की पुढची दहा मिनिटं पाठ थांबतो.

घरात पाच मुलं होती. सगळ्यांच्या कानावर रात्रंदिवस तंबोरा. पण १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. का, कोणाचं चुकलं, याचा निवाडा आपण शंभर वर्षांनी करू नये. झालं ते असं की मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली. सगळ्यात धाकटी सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखली गेली. तिघंही मोठे कलावंत झाले. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळालं. मुलांच्या नावापुढे खाँ हे आडनाव कुठेच राहिलं नाही. गाणं मात्र ऐकणाऱ्याला लगेच कळे की कुठलं आहे.

खाँसाहेब मिरजेत राहिले. पन्नाशीचा माणूस, आणि भरलेलं घर असं एकदम रिकामं झालेलं. या काळाबद्दल लिहिणारे त्यांच्या मैफलींच्या तारखा देतात. मला वाटतं, मैफल नसलेल्या दिवशी ते काय करत असतील? तंबोरा जुळवत असतील, दुसरं काय.

तबकडीवरचा आवाज

त्यांच्या आवाजाच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमारास निघाल्या. नंतर बराच काळ काही नाही. मग १९३४ च्या पुढे पुन्हा त्यांचं गाणं तबकड्यांवर आलं, तेव्हा ते साठीच्या पलीकडे होते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर एक राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत आटपायचं! तरी त्या तबकड्या घरोघरी, हॉटेलात वाजू लागल्या. गदगचा एक शाळकरी मुलगा त्यांची तबकडी ऐकून इतका भारावला की गाणं शिकायला घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे त्याला गुरू मिळाले ते सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य. (घर सोडून पळायचं एवढंच यातून उचलू नका.)

आज त्या जुन्या तबकड्या शौकीन लोक जपून ठेवतात. तुम्हाला त्या मोबाईलवरही ऐकायला मिळतील. खरखर फार आहे. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गळ्याकडे लक्ष जाईल. दुसऱ्यांदा हेडफोन लावून मागचा तंबोरा ऐकायचा प्रयत्न करा.

शेवटचा प्रवास

१९३७ साली ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तिथून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमात गायला निघाले. २७ ऑक्टोबरला गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. वाटेत सिंगपेरुमाळकोईल नावाचं छोटं स्टेशन आलं, तिथे ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी नमाज पढली, तंबोरा मागवला, तो जुळवून घेतला आणि दरबारी रागात ईश्वराचं नाव घेत गाऊ लागले. गाता गाताच ते गेले. वय ६४.

त्या फलाटावर डॉक्टर नव्हता, औषध नव्हतं. तंबोरा होता, आणि तो नीट जुळलेला होता.

त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे मोठमोठे कलावंत येऊन गाऊन जातात. मिरजेत सतारमेकरांची दुकानं आजही आहेत, दारात भोपळे टांगलेले. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. त्याच वर्षी आपल्या वसमतच्या हळदीलाही ते मिळालं, हे तुम्हाला सामान्य ज्ञानात विचारतील, लक्षात ठेवा.

आमच्या वर्गापुढे तंबोरा कुठून आणणार? म्हणून मी देवळातल्या वीणेकरी बाबांना विचारलं. आपल्या जिल्ह्यात नर्सी नामदेव आहे, गावोगावी वीणा आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, तेव्हा ती मिळणं शक्य नव्हतं. सप्ताह संपल्यावर बाबा स्वतःच वीणा घेऊन शाळेत आले. त्यांनी खुंटी पिळून तारा जुळवल्या. जुळवायलाच पंधरा मिनिटं गेली. पोरं चुळबुळ करू लागली, पण बाबांनी घाई केली नाही. मग त्यांनी जाड तार छेडली आणि भोपळ्याला एकेकाला कान लावायला सांगितला.

बेसबद्दल विचारणारा तो मुलगा सगळ्यात शेवटी आला. त्याने कान लावला, मग छातीवर हात ठेवला, आणि बाबांना पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं.