शिवराम जानबा कांबळे व जेजुरीच्या मुरळ्या

जेजुरीजवळून वाहणारी कऱ्हा पुढे बारामतीवरून जाऊन सोनगावाजवळ नीरेस मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकास नरसिंहपुरी भीमेच्या पात्रात शिरते. ह्या पाण्याच्या वाटेवरील गावांत खंडोबाचा भंडार ठाऊक नाही असे घर पूर्वी क्वचितच सापडे. आमच्या मंडळ्यांतीलही कित्येक घराण्यांत एखादी आत्या किंवा पणजी मुरळी होती, आणि तिचे नाव मुलांपुढे काढीत नाहीत. अशा बायांकरिता ज्या गृहस्थाने झटून एक दार उघडिले, त्याचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सांगतो. तो ख्रिस्ती नव्हता, तरी त्याच्या कामापासून आमच्या उपदेशक बंधूंस पुष्कळ घेता येईल.

शिवराम जानबा कांबळे यांचा जन्म १८७५ साली पुणे येथे महार कुळात झाला. साहेब लोकांच्या येथे बटलरची नोकरी करीत असता त्यांनी वाचन वाढविले. महारांस पलटणीत घेण्याचे सरकारने बंद केले होते. ती बंदी उठावी व इतर नोकऱ्याही मिळाव्या म्हणून त्यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरवून सरकारास अर्ज केला. पुढल्या वर्षी त्यांनी सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज स्थापिला, व १९०८ च्या जुलैपासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालविले. ह्याच मासिकात त्यांनी मुरळ्यांचा विषय हाती घेतला.

मुरळी होते कशी, हे आमच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. मूल जगत नाही, दुखणे हटत नाही, म्हणून आईबाप नवस करीत की पहिली मुलगी देवास वाहू. ती जाणती होण्यापूर्वीच जेजुरीस नेऊन, हळद लावून, गळ्यात कवड्यांचा गाठा घालून तिचे खंडोबाशी लग्न लावीत. मग तिला मनुष्य नवरा नाही. वाघ्याच्या दिमडीबरोबर घाटी वाजवीत तिने जागरणे करावी, वारी मागावी, आणि तारुण्यात धनवंतांच्या वासनेस बळी पडावे. तिने आणिलेल्या पैशावर म्हातारे आईबाप व भाऊ जेवीत. सोडून जावे तर देव कोपेल, भावाचे लेकरू दगावेल, हे भय तिच्या मनात बाळपणापासून भरलेले. बरे, भय टाकून ती बाहेर आली, तरी तिला घरात कोण घेणार?

ह्या शेवटल्या प्रश्नावरच सारे अडत होते, असे आमचे मत आहे. अल्पवयी मुलीस अनीतीकरिता विकणे वा देणे हा पीनल कोडाच्या ३७२ व ३७३ ह्या कलमांन्वये गुन्हा होता. परंतु शिपाई बापास धरून नेईल; त्या मुलीस चूल कोण देईल?

कांबळे यांनी चालीची कडक शब्दांत निंदा केली, पण मुरळ्यांस मात्र आपल्या बहिणी समजून लिहिले. त्यास उत्तर म्हणून १९०८ साली शिवूबाई लक्ष्मण जाधव ह्या मुरळीचे पत्र मासिकात छापून आले. देवास वाहिलेल्या बाईने आपल्या नावानिशी आपल्या जिण्याची दुर्दशा मांडावी, ही त्या काळी केवढ्या धैर्याची गोष्ट! कांबळे एवढ्यावर थांबले नाहीत. हिच्याशी विवाह करावयास कोणी तयार आहे काय, असे त्यांनी आपल्या लोकांस विचारिले. आणि त्यांचेच सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड पुढे आले व त्यांनी शिवूबाईशी लग्न केले. ते पाहून आणखीही काही मुरळ्यांनी संसार मांडिले, आणि मुली देवास न वाहण्याच्या प्रतिज्ञा झाल्या.

येथे आम्हांस आपल्या उपदेशक बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. जी बाहेर आली तिच्यामागे तिची मावशी, तिची सोबतीण, तिला वाहणारी आईच राहिली. बाहेर आलेली जर त्यांस पापिणी म्हणून टाकील, तर त्यांस बाहेरची एकच ओळखीची जागा तीही नाहीशी होते. अशा घरी गेल्यावर गळ्यातील गाठा तोडावयास हात घालू नका. तिच्या मिळकतीवर कोण जेवते, हे आधी विचारा; म्हाताऱ्या आईच्या भाकरीची सोय लागल्यावाचून मुलगी सुटत नाही. सणावारी तिला बोलवा, तिच्या मुलांस शाळेत घाला, आणि देवाच्या कोपाविषयी ती बोलू लागली तर हसू नका. तिचे भय खरे आहे, देव खरा असो वा नसो.

१९३४ साली मुंबई इलाख्यात मुली वाहण्याची चाल कायद्याने बंद झाली, व वाहिलेल्या स्त्रीचे लग्नही कायदेशीर ठरले. म्हणजे गायकवाडांनी जे केले होते त्यास पंचवीसएक वर्षांनी कायद्याचा आधार मिळाला. महाराष्ट्र राज्याने २००५ साली पुन्हा निराळा कायदा केला. एक कायदा पुरला असता तर दुसरा लागला नसता.

कांबळे यांनी १९१० साली जेजुरीसच दक्षिणी महारांची परिषद भरवून विलायतेस अर्ज पाठविला. १९२९ साली पुण्याच्या पर्वती देवळात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हाही ते पुढाऱ्यांत होते. त्या वेळी त्यांचे वय चोपन्न वर्षांचे होते, व देवळाचे दार त्यांस उघडले नाही.